हद्दवाढ की बहुकेंद्री प्रदेश? कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर परिसराच्या एकत्रित नियोजनाविषयी

धागाकर्ता: करवीर_वाचक

कोल्हापूरच्या वाढीची चर्चा निघाली की ती हद्दवाढीपाशी सुरू होते आणि तिथेच अडकते. महापालिका 1972 साली स्थापन झाली आणि तेव्हाची 66.82 चौरस किलोमीटरची हद्द अर्धशतक उलटून गेल्यावरही तशीच राहिली. शहरातील लोक म्हणतात की भोवतालची गावे शहराच्या सोयी वापरतात, तर त्यांनी शहरात यावे. गावे म्हणतात की आमचा घरफाळा वाढेल, शेतीवर आरक्षणे पडतील आणि ग्रामपंचायतही हातची जाईल. 2017 मध्ये मधला मार्ग म्हणून 42 गावांचे कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले, पण मूळ वाद मिटला नाही. माझे मत असे आहे की दोन्ही बाजू एकाच गृहीतकावर भांडत आहेत: मध्ये एक शहर आणि भोवती त्याची गावे. जमिनीवरचे चित्र त्याहून वेगळे आहे, आणि नियोजनाची सुरुवात त्या चित्रापासून व्हायला हवी.

कोल्हापूरपासून तीस किलोमीटरच्या आत इचलकरंजी आहे. विठ्ठलराव दातार यांनी 1904 साली तेथे पहिला यंत्रमाग बसवला, आणि पुढच्या शंभर वर्षांत ते गाव कापडधंद्याचे देशभर ओळखले जाणारे केंद्र झाले. 2022 मध्ये तेथे महापालिका आली. 2011 च्या जनगणनेत कोल्हापूरची लोकसंख्या 5,49,236 होती, तर इचलकरंजीची पावणेतीन लाखांहून अधिक. म्हणजे एकाच जिल्ह्यात आणि एकाच पंचगंगेवर आज दोन महापालिका आहेत, आणि त्यांतील धाकटी कोणत्याही अर्थाने थोरलीचे उपनगर नाही. पुढे जयसिंगपूर आहे. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या नावाने रेल्वेकाठी वसवलेली ही आखीव रस्त्यांची बाजारपेठ आजही शिरोळ तालुक्याचा व्यापार सांभाळते. हुपरीला चांदीकाम आहे. गांधीनगर हे कापडाच्या घाऊक व्यापाराचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात वळिवडे येथे पोलंडमधील निर्वासितांची छावणी होती. फाळणीनंतर तिथेच सिंधी कुटुंबे स्थिरावली आणि ती बाजारपेठ उभी राहिली. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित या औद्योगिक वसाहती पालिकेच्या हद्दीबाहेर आहेत. जिल्ह्याच्या कारखानदारीचा मोठा भाग, विशेषतः फाउंड्री, तिथेच आहे.

अशा प्रदेशाला नियोजनशास्त्रात बहुकेंद्री म्हणतात. नेदरलँड्समध्ये ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम, द हेग आणि उट्रेख्ट ही चार शहरे एका कड्यासारखी वसली आहेत. त्यांच्या मधोमध असलेली शेतजमीन नियोजनाने पिढ्यान्‌पिढ्या मोकळी ठेवली. कोणतेही एक शहर तेथे बाकीच्यांना गिळून मोठे झाले नाही: बंदर एकीकडे, शासन दुसरीकडे, वित्तव्यवहार तिसरीकडे अशी वाटणी राहिली. आपल्याला अधिक जवळचे उदाहरण मात्र जर्मनीतील रूर खोऱ्याचे आहे, कारण तो प्रदेशही कारखानदारीतून, गावागावांच्या स्वतंत्र अभिमानातून आणि एका बिघडलेल्या नदीकाठी वाढला. कोळसा आणि पोलाद यांमुळे एसेन, डॉर्टमुंड, डुइसबुर्ग, बोखुम अशी शहरे एकमेकांना चिकटत चालली, तेव्हा 1920 मध्ये तेथील नगरपालिकांचा एक प्रादेशिक संघ स्थापन झाला. त्या संघाने कोणाची पालिका बरखास्त केली नाही. शहराशहरांमध्ये उत्तर-दक्षिण हिरवे पट्टे राखणे, मोठ्या रस्त्यांच्या जागा धरून ठेवणे, आणि एका पालिकेला न पेलणारी कामे करणे एवढेच त्याने अंगावर घेतले. त्याच संघाचा आजचा वारसदार 53 शहरे-गावांसाठी, सुमारे 51 लाख लोकांसाठी काम करतो.

कोल्हापूर ते जयसिंगपूर या पट्ट्यासाठी अशाच एका संस्थेची आवश्यकता आहे, असे मला वाटते. तिच्याकडे चार विषय असावेत: पंचगंगेचे पाणी व सांडपाणी, पूररेषेतील जमीन, केंद्राकेंद्रांमधली वाहतूक, आणि नव्या औद्योगिक उत्पन्नाचा काही वाटा सर्वांमध्ये वाटण्याची रीत. शाळा, गल्लीतले दिवे, बाजार, घरफाळा हे सारे ज्याचे त्याच्याकडे राहावे. यातल्या शेवटच्या विषयाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण हद्दवाढीच्या भांडणाचे मूळ तिथे आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात मिनिआपोलिस आणि सेंट पॉल ही जोडशहरे आणि भोवतालच्या लहान पालिका कारखाने व दुकाने आपल्याच हद्दीत यावीत म्हणून एकमेकींशी स्पर्धा करत होत्या. 1971 मध्ये तेथे कायदा झाला. त्यानुसार सात काउंट्यांमधल्या व्यापारी व औद्योगिक मालमत्तेच्या करपात्र मूल्यात त्यानंतर जी वाढ होईल, तिच्यातला 40 टक्के हिस्सा एका सामाईक खात्यात जातो. लोकसंख्या आणि आर्थिक कुवत पाहून तो सर्वांना वाटला जातो. आधीच्या उत्पन्नाला हात लावला नाही, फक्त वाढीचा वाटा घेतला. शिरोलीत कारखाना वाढला तर त्याचा काही लाभ कोल्हापूरला, इचलकरंजीला आणि शिरोळच्या एखाद्या लहान गावालाही मिळेल, अशी सोय झाली तर शहराला शिरोली गिळण्याची आणि शिरोलीला शहरापासून पळण्याची निकड निम्मी कमी होईल.

जाणकारांची मते वाचायला आवडतील.

प्रतिसाद: धोटा_आणि_माग

मी इचलकरंजीचा आहे आणि घरचा व्यवसाय यंत्रमागाचा आहे. धागाकर्त्यांनी आमच्या गावाला उपनगर म्हटले नाही याबद्दल त्यांचे आभार, पण पाण्याचा विषय एका ओळीत उरकला आहे, तो तसा उरकणारा नाही.

पंचगंगा कोल्हापूरवरून आमच्याकडे येते. कोल्हापूरचे नाले ज्या नदीला मिळतात, तिच्याच खालच्या अंगाला आम्ही पिण्यासाठी पाणी उचलत आलो. 2012 साली आमच्या गावात काविळीची साथ आली आणि माणसे दगावली. त्यानंतर नदीच्या पाण्यावरचा विश्वास उडाला तो उडालाच. कृष्णेवरची योजना आहे, पण ती पुरेशी नाही. वारणेचे पाणी दानोळीहून आणायचे ठरले तर तेथील शेतकऱ्यांनी विरोध केला. दूधगंगेचे पाणी सुळकूडहून आणायचे ठरले तर कागल आणि शिरोळ तालुक्यांतून विरोध झाला. त्या शेतकऱ्यांना मी दोष देत नाही, कारण आपल्या उसाचे आणि पुढच्या पिढीचे पाणी जाईल ही त्यांची भीती खरी आहे. मात्र त्याच दूधगंगेच्या काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईनने कोल्हापूरला 2023 च्या दिवाळीत पाणी पोहोचले. एका नदीच्या वरच्या अंगाला एका महापालिकेला पाणी मिळते आणि खालच्या अंगाला दुसरीला ते नाकारले जाते, याला आमच्याकडे लोक अन्याय म्हणतात.

म्हणून माझा प्रश्न असा आहे की या प्रादेशिक संस्थेत इचलकरंजीचे मत किती असेल? लोकसंख्येवर मते दिली तर कोल्हापूर नेहमीच आमच्या दुप्पट असणार. अशा संस्थेत जाऊन आम्ही आमचे गाऱ्हाणे अल्पमतात मांडायचे असेल तर आजची परिस्थिती काय वाईट आहे?

प्रतिसाद: आराखडा

नगररचनेच्या क्षेत्रात नोकरी करून निवृत्त झालो आहे, त्यामुळे कायद्याची बाजू मांडतो. करवीर_वाचक ज्या संस्थेची कल्पना करतात, तिचा सांगाडा आपल्या राज्यघटनेत आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने महानगर क्षेत्राची व्याख्या केली. तिच्यानुसार दहा लाख किंवा अधिक लोकसंख्येचा, एक किंवा अधिक जिल्ह्यांत पसरलेला आणि दोन किंवा अधिक नगरपालिका, पंचायती अथवा लगतचे भाग मिळून बनलेला प्रदेश राज्यपाल महानगर क्षेत्र म्हणून अधिसूचित करू शकतात. या व्याख्येत एकाच मोठ्या शहराची अट नाही, हे लक्षात घ्यावे. कोल्हापूर आणि इचलकरंजी यांचीच 2011 ची बेरीज सव्वाआठ लाखांच्या पुढे जाते. त्यात 42 गावे, जयसिंगपूर, हातकणंगले, हुपरी, पेठ वडगाव मिळवली की दहा लाखांची मर्यादा सहज ओलांडली जाते.

अशा क्षेत्रासाठी अनुच्छेद 243 झेडई प्रमाणे महानगर नियोजन समिती असावी लागते. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिकांचे निवडून आलेले सदस्य आणि पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यातून निवडायचे असतात, आणि जागांची विभागणी नगरपालिका व पंचायती यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात होते. धोटा_आणि_माग यांच्या शंकेचे अर्धे उत्तर इथे आहे, कारण पंचायतींना घटनेनेच जागा दिली आहे आणि कोल्हापूर शहर एकटे बहुमतात येऊ शकत नाही. उरलेले अर्धे उत्तर कायद्यात मिळणार नाही. पाण्यासारख्या विषयावर साध्या बहुमताऐवजी दोन्ही महापालिकांची आणि पंचायतींच्या गटाची वेगवेगळी संमती लागावी, अशी अट संस्थेच्या नियमांत घालून घ्यावी लागेल.

दुसरा मुद्दा इशाऱ्याचा आहे. बहुकेंद्री नियोजनाच्या नावाखाली पुष्कळदा विखुरलेली वाढच पुढे येते. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना मंगल कार्यालये, शोरूम, गोदामे आणि गुंठ्यागुंठ्याने विकलेले प्लॉट यांची रांग लागली म्हणजे केंद्रे निर्माण होत नाहीत. केंद्र तेव्हा बनते, जेव्हा रोजगार, दवाखाना, शाळा, बाजार आणि वाहतुकीचा थांबा पायी जाता येईल अशा अंतरात एकत्र येतात. सांगली फाट्यापासून हातकणंगल्यापर्यंतचा रस्ता पाहिला की वाढ कशी होऊ नये हे कळते. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात प्रादेशिक योजना आहे, विकास आराखडा आहे, प्राधिकरण आहे, सारी आयुधे आहेत. प्रादेशिक योजना मात्र जमिनीचा वापर ठरवते आणि तिला स्वतःचे अंदाजपत्रक नसते. रस्ता, जलवाहिनी, रुग्णालय यांचा पैसा वेगवेगळ्या खात्यांकडून, वेगवेगळ्या वर्षी येतो, आणि योजनेतले केंद्र कागदावर राहते. माझ्या अनुभवाने सांगतो की ज्या योजनेच्या मागे खर्चाचा हिशेब नाही, तिच्या नकाशातले रंग जमिनीच्या व्यापाऱ्याखेरीज कोणी गांभीर्याने घेत नाही.

प्रतिसाद: गावठाण

मी 42 गावांपैकी एका गावात राहतो. गावाचे नाव लिहीत नाही. आमच्याकडे प्राधिकरण म्हणजे बांधकाम परवानगी, असाच अर्थ लोकांच्या मनात बसला आहे. पूर्वी घर बांधायचे तर गावात विचारायचे, आता कागद घेऊन शहरात जायचे आणि विकास शुल्क भरायचे. त्या शुल्काच्या बदल्यात रस्ता, गटार, पाणी काय मिळाले असे विचारले तर उत्तर देणारा माणूस भेटत नाही. आराखडा साहेबांचे शेवटचे वाक्य म्हणूनच मला पटले.

हद्दवाढीला आमचा विरोध आहे आणि तो राहील, पण त्यामागचे कारण शहरात नीट समजून घेतले जात नाही. आम्हाला शहर नको आहे असे नाही. आमची मुले शहरात शिकतात, दूध आणि भाजी शहरात जाते. आमच्या गावात मात्र अजून निम्मी घरे शेतीवर चालतात. पाणंद, विहीर, मळा यांचे निर्णय ज्या सभेत होतात, तिथे मी उभा राहून बोलू शकतो. महापालिकेत आमच्या दोन-तीन गावांना मिळून एखादा नगरसेवक मिळेल, आणि त्याचे ऐकले जाईलच याची खात्री कोणी देत नाही.

बहुकेंद्री व्यवस्थेत ग्रामपंचायत राहणार असेल, करवाढीवर तिचा अधिकार राहणार असेल आणि सामाईक खात्यातून आमच्या सांडपाण्याच्या कामाला पैसा मिळणार असेल, तर मी गावात हा विषय मांडायला तयार आहे. एक अट मात्र आहे. धागाकर्त्यांनी दिलेल्या रूरच्या उदाहरणासारखा शहर आणि गाव यांच्यामध्ये हिरवा पट्टा राखायचा असेल, तर ती जमीन कोणाची आहे? ती आमची आहे. शेजाऱ्याची जमीन बिनशेती होऊन कोटींत विकली जाणार आणि माझी जमीन सर्वांच्या हवेसाठी ऊस पिकवत राहणार, तर मला त्याचा मोबदला कोण देणार? याचे उत्तर आधी द्यावे.

प्रतिसाद: शहर_आधी

मी या मांडणीशी असहमत आहे आणि ते स्पष्टपणे लिहितो. पुणे आणि बेंगळुरू यांच्यामध्ये कोल्हापूरला टिकायचे असेल तर एक सशक्त शहर लागेल. गेल्या काही दशकांत शहराला जे मिळाले, ते शहर म्हणून मिळाले: 1962 मध्ये शिवाजी विद्यापीठ आले, ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले. सहा जिल्ह्यांचे पक्षकार आणि वकील आता येथे येत आहेत. त्यांच्यासाठी निवास, वाहनतळ, कार्यालये लागतील, आणि हे 66.82 चौरस किलोमीटरमध्ये कोठे बसवायचे? त्यातलाही मोठा भाग पूररेषेत आहे. अशा वेळी चार केंद्रांत साधने वाटून टाकली तर कोणतेच केंद्र पुरेसे मोठे होणार नाही. मोठे नाट्यगृह, विशेष उपचारांचे रुग्णालय, संशोधन संस्था यांना एका ठिकाणी ठरावीक लोकवस्ती लागते.

धागाकर्त्यांनी रूर खोऱ्याचे उदाहरण दिले, तर त्याची दुसरी बाजूही द्यावी. तेथील शहरांच्या ट्राम वेगवेगळ्या रुंदीच्या रुळांवर चालत आल्या, कारण प्रत्येकाने आपापली व्यवस्था उभी केली. आजही तेथे एका मोठ्या शहरात जे एकदाच उभारावे लागते ते अनेकदा उभारलेले दिसते. हद्दवाढ आधी व्हावी. प्रदेशाचा विचार त्यानंतर करता येईल.

प्रतिसाद: हातकणंगले_स्थानक

शहर_आधी यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु ते ज्या मोठ्या शहराची कल्पना करतात त्यात माझ्यासारखी माणसे कशी फिरतील हे त्यांनी सांगावे. मी हातकणंगल्यात राहते, नोकरी गोकुळ शिरगावच्या वसाहतीत आहे, सासर इचलकरंजीत आणि आईच्या औषधोपचारासाठी मिरजेला जावे लागते. माझ्या आठवड्यात कोल्हापूर शहर वाटेत येते, पण माझे काम तिथे नसते. आमच्या कंपनीतल्या बहुतेक बायकांची हीच स्थिती आहे. सगळ्या बस मात्र शहराच्या मध्यभागी नेऊन सोडतात. एका केंद्राकडून दुसऱ्या केंद्राकडे आडवे जायचे तर दोन वाहने बदलायची किंवा वडापमध्ये, म्हणजे खासगी शेअर जीपमध्ये, दाटीवाटीने बसायचे. पाळी रात्री सुटली तर वडापही मिळत नाही, आणि त्यामुळे अनेकजणी दुसऱ्या पाळीचे काम घेत नाहीत. पगार त्या पाळीला अधिक असतो.

कोल्हापूर-मिरज रेल्वे 1891 पासून आहे. वळिवडे, रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर ही स्थानके एका ओळीत आहेत, म्हणजे आराखडा सर ज्याला केंद्र म्हणतात त्याच्या जागा सव्वाशे वर्षांपूर्वीच ठरल्या आहेत. लांब पल्ल्याच्या गाड्यांचे वेळापत्रक सांभाळून उरलेल्या वेळात स्थानिक गाडी सोडली जाते, त्यामुळे कामगाराच्या वेळेशी तिचा मेळ बसत नाही. इचलकरंजीला तर रेल्वेच नाही, आणि हातकणंगल्याहून तिथे फाटा काढावा ही मागणी किती जुनी आहे हे धोटा_आणि_माग सांगू शकतील. मोठा लोहमार्ग होईल तेव्हा होईल. पण हातकणंगले स्थानकाबाहेर गाडीच्या वेळेला इचलकरंजी, हुपरी आणि पंचतारांकित वसाहतीच्या बस उभ्या राहाव्यात, आणि एकच तिकीट रेल्वे व बस दोन्हीला चालावे, एवढे काम रूळ न टाकताही होते. रूर भागात 1980 पासून एका सामाईक परिवहन संघामार्फत असे एकच तिकीट चालते, मग ट्रामच्या रुळांची रुंदी काहीही असो. आपल्याकडे पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांनी 2007 मध्ये आपल्या बससेवा एकत्र करून पीएमपीएमएल ही सामाईक बस कंपनी स्थापन केली, तेव्हा त्या महापालिका काही एक झाल्या नाहीत.

प्रतिसाद: कृष्णाकाठ_सांगली

चर्चा जयसिंगपूरपुढच्या, कृष्णेवरच्या उदगावच्या पुलावर येऊन थांबली आहे, म्हणून लिहितो. जयसिंगपूरचा माणूस खरेदीला, दवाखान्याला, कॉलेजला सांगली-मिरजेला जितका येतो तितका तो कोल्हापूरला जात असेल असे मला वाटत नाही. जिल्ह्याची सीमा कृष्णेवर आहे, म्हणून नियोजनही तिथे थांबावे का? आराखडा यांनी दिलेल्या व्याख्येत "एक किंवा अधिक जिल्हे" असे शब्द आहेत, ते वाया घालवू नयेत.

आमच्याकडचा एक अनुभवही सांगतो. 1998 मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून एक महापालिका झाली. शहर_आधी यांना हवी आहे ती एकत्र करण्याची वाट आम्ही चाललो आहोत. पाणीपुरवठा, मोठे रस्ते यांचे नियोजन एका ठिकाणी झाले हा लाभ नाकारता येणार नाही. परंतु निधी सांगलीला जातो आणि कुपवाड मागे राहते ही तक्रार पंचवीस वर्षांनंतरही प्रत्येक निवडणुकीत ऐकू येते. जवळचे दुसरे उदाहरण हुबळी-धारवाडचे. तिथे 1962 पासून एकच महापालिका होती, वीस किलोमीटरवरच्या दोन गावांना जोडणारी वेगळ्या मार्गिकेची बससेवाही झाली, आणि तरीही धारवाडच्या लोकांनी स्वतंत्र महापालिकेची मागणी लावून धरली. कर्नाटक मंत्रिमंडळाने जानेवारी 2025 मध्ये ती मान्य केली. बस दोघांनाही हवी होती. कारभार मात्र प्रत्येकाला आपला हवा होता.

आणि पुराचे काय? 2019 मध्ये आणि 2021 मध्ये पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी 43 फूट आहे. महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन वाहतूक ठप्प झाली आणि शिरोळ तालुक्यातील गावेच्या गावे उठवावी लागली. त्या दिवसांत कोल्हापूरचे मोठे रुग्णालय शिरोळच्या रुग्णाला उपयोगी नव्हते. विशेष सेवा एका ठिकाणी असाव्यात हे शहर_आधी यांचे म्हणणे कोरड्या दिवसांत बरोबर आहे. दर पावसाळ्यात जो प्रदेश बेटांमध्ये विभागला जाऊ शकतो, त्यात प्रत्येक केंद्रात शस्त्रक्रियेची सोय, धान्याचा साठा आणि पिण्याच्या पाण्याचा एक स्वतंत्र स्रोत असायलाच हवा. माझ्या दृष्टीने आपल्या भागात बहुकेंद्री नियोजनाचे सर्वांत भक्कम कारण पूर हेच आहे.

प्रतिसाद: करवीर_वाचक (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. कृष्णाकाठ_सांगली यांचा पुराचा मुद्दा मी मूळ लेखात द्यायला हवा तितक्या जोराने दिला नव्हता, तो त्यांनी दिला. गावठाण यांच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो, कारण ते टाळून पुढे जाणे अयोग्य ठरेल. हिरवा पट्टा म्हणून राखायची जमीन आपल्याकडे पुष्कळ अंशी पूररेषेतलीच आहे. प्रयाग चिखलीपासून शिरोळपर्यंत नदीकाठचा ऊस पुराचे पाणी पसरू देतो, आणि त्यावर भराव टाकून इमारती झाल्या की तेच पाणी शेजारच्या गावात शिरते. म्हणजे तो शेतकरी पीक बुडवून घेऊन शहर वाचवतो. ही सेवा आहे आणि तिचे मोल ठरले पाहिजे. सामाईक खात्यातला पहिला वाटा अशा जमिनीच्या धारकांना दरवर्षी एकरी ठरावीक रक्कम म्हणून द्यावा, असे मी सुचवतो. पूर आल्यावर मिळणारी नुकसानभरपाई वेगळी. ही रक्कम जमीन मोकळी ठेवल्याबद्दल असेल.

शहर_आधी यांना एवढेच सांगेन की विद्यापीठ, विमानतळ, सर्किट बेंच ही कोल्हापूरची कामे कोल्हापुरातच राहतील आणि राहावीत. बहुकेंद्री प्रदेशात सर्व केंद्रे सारखी नसतात. पण सहा जिल्ह्यांच्या न्यायालयाला लागणारी प्रत्येक खोली आणि प्रत्येक वाहनतळ जुन्या शहरातच असला पाहिजे असे नाही. हातकणंगले_स्थानक ताई म्हणतात तशी गाडी आणि बस जुळली, तर वकिलाचे कार्यालय रुकडीत असले तरी चालू शकेल.

आता धोटा_आणि_माग यांच्या पाण्याकडे येतो. रूर खोऱ्यातील एम्शर नदीची गोष्ट या ठिकाणी उपयोगी आहे. खाणींमुळे जमीन खचत असल्याने तेथे भुयारी गटारे टिकत नसत, म्हणून ती नदीच उघडे गटार म्हणून वापरली गेली. 1899 मध्ये काठावरच्या नगरपालिका, खाणी आणि कारखाने यांची मिळून एक जलसंस्था स्थापन झाली. सभासदाने किती घाण नदीत सोडली, त्यानुसार त्याची वर्गणी ठरते. ज्याची घाण अधिक त्याचा खर्च अधिक, आणि खर्च करणाऱ्याला संस्थेच्या कारभारात मतही असते. खाणकाम संपल्यावर 1992 पासून त्यांनी सुमारे 400 किलोमीटरची भुयारी वाहिनी घातली, पाच अब्ज युरोंहून अधिक खर्च केला, आणि 2021 च्या अखेरीस नदी सांडपाण्यापासून मुक्त झाली. तीस वर्षे लागली. पंचगंगेसाठी अशी संस्था झाली तर कोल्हापूर महापालिका, इचलकरंजी महापालिका, कापडावर प्रक्रिया करणारे प्रोसेस कारखाने, साखर कारखाने, औद्योगिक वसाहती आणि नदीकाठची गावे एकाच टेबलावर वर्गणीदार म्हणून बसतील. बाकीचे तीन विषय नंतर आले तरी चालतील. नदीची संस्था आधी व्हावी, कारण नदी स्वच्छ असली तर वारणा आणि दूधगंगेच्या पाण्याची भांडणे निम्मी होतील.

प्रतिसाद: आराखडा

वर्गणी घाणीवर ठरवायची तर मोजणी विश्वासाची हवी, आणि आपल्याकडे प्रत्येक चर्चा याच ठिकाणी फुटते. प्रत्येक सभासदाच्या हद्दीत नदी शिरते तिथे एक आणि बाहेर पडते तिथे एक, अशी मोजणी केंद्रे असावीत. आकडे रोजच्या रोज ग्रामपंचायतीच्या फलकावरही लागावेत. नमुना घेताना वरच्या आणि खालच्या गावाचा एकेक प्रतिनिधी हजर असावा. एवढे झाले तर पुढचा हिशेब कारकुनी कामाचा आहे.

प्रतिसाद: धोटा_आणि_माग

या रीतीने संस्था होणार असेल आणि पाण्यावर आमची वेगळी संमती लागणार असेल, तर माझा विरोध उरत नाही. उलट एक गोष्ट आमच्या बाजूने मांडतो. आम्ही कोल्हापूरच्या नाल्यांबद्दल बोलतो, तसे शिरोळचे शेतकरी आमच्या सायझिंग-प्रोसेसच्या पाण्याबद्दल बोलतात, आणि आमच्या खालच्या अंगाला पंचगंगेवर असलेल्या तेरवाडच्या बंधाऱ्यात मेलेल्या माशांचा खच पडतो तेव्हा त्यांना उत्तर द्यायला आमच्याकडे काही नसते. म्हणून मोजणीचे पहिले केंद्र तेरवाडला बसवावे आणि तिथे आमच्या हद्दीतून बाहेर पडणारे पाणी सर्वांआधी तपासले जावे. आमच्या काही कारखानदार मित्रांशी मी याच आठवड्यात बोलतो. गावठाण यांनी आपल्या बाजूने तीन-चार सरपंचांना विचारून पाहावे, म्हणजे पुढच्या महिन्यात जयसिंगपूरला एक बैठक घेता येईल.